रविवारचे अकरा आकडे

पांगाई,
गुरुवार, १९ सप्टेंबर

आदरणीय मेलेनाइते ताईंना,
फेआओचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आता कमी दुखतो, ती पुन्हा चटई विणायला बसते. तिने तुमच्यासाठी कोनफळं आणि अळूची पानं दिली आहेत. मोसेसे काकांच्या होडीने पिशवी आणि हे पत्र एकदमच पोचतील. आधी पत्र वाचा.

तुमच्या दवाखान्यामागचा संपर्काचा नवा मनोरा उभा राहिल्याचं कळलं. पुढच्या बुधवारी आमचे अभियंते फिनाउ साहेब तो सुरू करायला येतील आणि परतताना तुमचं जुनं रेडिओयंत्र दुसऱ्या बेटासाठी घेऊन जातील. ताई, ते यंत्र देऊ नका.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण तुम्ही नर्सबाई, कारणाशिवाय औषधाची बाटलीही जागची हलवत नाही. जुन्या यंत्रावर सांगितलं असतं, तर सगळ्या बेटांनी ऐकलं असतं.

या मनोऱ्यासाठी पांगाई आणि तुमच्या बेटाच्या मधल्या ओसाड बेटावर खांब रोवून संदेशाचा जोर दर तासाला वहीत लिहायचा, हे माझं काम होतं. साहेबांनी मला समजावलं होतं, "एक लहर सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून येते. दोघींचं जमलं तर जोर वाढतो, बिनसलं तर दोघी एकमेकींना संपवतात. पाणी किती चढलंय, त्यावर सगळं ठरतं." माझ्या आकड्यांवरून ते संगणकात आपल्या समुद्राची नक्कल करणार होते.

ऑगस्टमधली सगळ्यात मोठी ओहोटी रविवारी आली. मी काकांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, "रविवारी होडी काढू? पाद्री माफ करेल रे, तुझी काकू करेल का?" आम्ही प्रार्थनेला गेलो. त्यात काही चूक नव्हती. साहेबांनीही सांगून ठेवलं होतं, "जागा रिकामी राहिली तर राहू दे. ती दिसली की मी पुन्हा मोजायला लावीन."

पण स्वच्छ वहीत ती अकरा रिकामी घरं मला बघवेनात. शनिवार आणि सोमवारच्या मधले आकडे काढून मी ती भरली, त्याच शाईने. साहेब म्हणाले, "शाळा अर्धवट सोडलेल्या पोराची वही बघा, एक घर रिकामं नाही!" ते आकडे तसेच संगणकात गेले. संगणकाने उत्तर दिलं, की संपर्क महिन्यातून चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त तुटणार नाही.

परवा मंगळवारी तेवढीच मोठी ओहोटी होती. कुणाला न सांगता पुन्हा मोजायला गेलो. आकडा उतरत उतरत शून्यावर आला आणि चाळीस मिनिटं तिथेच राहिला.

काका म्हणाले, "यंत्र बिघडलं का?"

"नाही, चांगलं चालतंय."

"मग तुझं तोंड का उतरलंय?"

मला तुमचा दवाखाना आठवला. गेल्या वर्षी लुसीआ वहिनींचं रक्त थांबेना, तेव्हा तुम्ही त्याच जुन्या यंत्रावर डॉक्टरांना विचारत होतात. तेव्हा चाळीस मिनिटं आवाजच आला नसता, तर?

खरं सांगतो, पत्र सुरू करताना साहेबांना काही कळवायचं मनात नव्हतं. तुम्ही नाही म्हणाल, यंत्र तिथेच राहील, माझी वहीही तशीच राहील, असा हिशेब होता. पण मग हट्टी तुम्ही ठराल. भावाची चूक बहिणीच्या माथी मारणाऱ्याला आपल्याकडे कुणी घरात घेत नाही, आणि घेऊही नये.

बुधवारी साहेबांबरोबर मीही येतोय. होडीतच त्यांना सांगायचं ठरवलं आहे. पण आजवर तीनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतलो आहे. म्हणून किनाऱ्यावर उतरल्यावर साहेब हसत बोलत असले, तर मला काही विचारू नका. हे पत्र सरळ त्यांच्या हातात द्या.

तोवर यंत्राला हात लावू देऊ नका.

तुमच्यासमोर मान वर करायला लाजणारा भाऊ,
फेआओ