ठाण्यातच राहिलेली बंदूक

प्रिय आप्पा,

तुमचा फोन नागेंद्र स्पीकरवर टाकतो आणि मग आपण दोघं पिकापाण्याचंच बोलतो. म्हणून हे पत्र. गेल्या आठवड्यात माझ्या या भावानं मला वेगळा फोन केला. निवडणुकीआधी ठाण्यात जमा केलेल्या पिकाच्या राखणीच्या बंदुका उचगावातल्या सगळ्यांनी परत आणल्या, फक्त तुमचीच तिथं पडून आहे म्हणाला. आणायचं तुम्ही नाव काढत नाही आणि वारस म्हणून त्याच्या नावावर परवाना करायच्या अर्जावर सहीही करत नाही. गुंडूकाका हॉटेलात सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, "आप्पा, बंदूक इसरला व्हय ठाण्यात? का डुकरं तुमची पावणी झाल्यात?" त्यावर तुम्ही, "पावणीच रं. रताळी लई आवडत्यात त्यास्नी." नागेंद्रला याची लाज वाटते. "तुझं ऐकत्यात आप्पा. तू बंदुकांतली इंजिनिअर, एक पत्र लिव्ह की," म्हणाला. लिहिते म्हटलं.

आधी माझ्या कामाचं सांगते. तुम्ही कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. गावात लोक समजतात मी बंदुका बनवते. मी त्यांच्यावर खुणा करते. पूर्व आफ्रिकेतल्या या देशात पोलिसांच्या आणि लष्कराच्या प्रत्येक बंदुकीवर देशाची खूण आणि तिचा स्वतःचा क्रमांक उमटवायचा, हे आमच्या तुकडीचं काम. यंत्रातली कठीण सुई पोलादावर ठिपके ठोकत जाते, ठिपक्यांचे अंक होतात. संयुक्त राष्ट्रांत देशांनी मिळून ठरवलं आहे की प्रत्येक बंदुकीवर खूण हवी, तिची नोंद हवी, आणि ती नको त्या हातात सापडली तर कुणाच्या ताब्यातून सुटली ते शोधता यायला हवं. कुणी क्रमांक घासून काढला तरी खालचं पोलाद दबलेलं राहतं. आम्ल लावलं की पुष्कळदा अंक परत दिसतात.

कागदावरच्या ठरावांनी काय होतं, असं इथंही लोक विचारतात. सगळं थांबत नाही, हे खरं आहे. पण एका जप्त बंदुकीच्या क्रमांकावरून शेजारच्या देशातलं कोठार सापडलेलं मी पाहिलं आहे. त्या कोठाराची मागची भिंत पडकी होती. ती बांधली गेली. एवढंच झालं, पण त्या वाटेनं पुन्हा बंदूक बाहेर पडली नाही. ज्या देशांचं एकमेकांशी धड पटत नाही, ते एका क्रमांकासाठी एकमेकांना उत्तरं देतात, याचं मला कौतुक वाटतं. मी सहसा हा शब्द वापरत नाही.

आमची प्रमुख वांजिरू पूर्वी लष्करात शस्त्रं दुरुस्त करायची. पहिल्या दिवशी तिनं मला टेबलावरची बंदूक द्यायला सांगितली. मी तोंड जमिनीकडे केलं, उघडून आत काडतूस नाही ना ते पाहिलं, तिला दाखवलं आणि मग हातात दिली. हे कुठं शिकलीस, तिनं विचारलं. मी म्हटलं, रताळ्याच्या शेतात. ती हसली नाही. म्हणाली, तुझ्या शिक्षकाला माझा नमस्कार कळव. तो राहिला होता, आज कळवते.

निवडणूक जाहीर झाली की ठाण्यात पहिली बंदूक तुमची असायची. मी सायकलच्या दांडीवर, बंदूक गोणपाटात तुमच्या पाठीला. बाकीचे कुरकुरत शेवटच्या दिवशी यायचे. "चोर हाय का रं आमी?" असं कुणी म्हटलं की तुम्ही म्हणायचा, "चोर न्हाय. पर मोजून घेतल्याली बरी." तेच वाक्य इथं मोठमोठ्या सभांत मी फार लांबलचक शब्दांत ऐकते.

आता जे फोनवर बोलता येत नाही ते. गेल्या खंडेनवमीचं आईनं मला सांगितलं आहे. तिनं सांगितल्याचं तुम्हाला माहीत नाही, तिच्यावर रागावू नका. बांधावरून शेजारच्या रवळूशी वाजलं आणि नागेंद्रनं पूजेच्या पाटावरची बंदूक उचलली, झेंडूच्या माळेसकट. काडतुसं तुमच्या कुलपात होती, पण रवळूला ते ठाऊक नव्हतं. तुम्ही ओरडला नाही. त्याच्या मागोमाग बांधापर्यंत गेला, नळीवर हात ठेवून ती खाली केली आणि म्हणाला, "पूजेची हाय ती. ठिव जाग्यावर." आणि गेले कित्येक महिने गुंडूकाकांचे टोमणे हसून घेताय, पण आपल्या पोराचं नाव एकदाही तोंडात आणलं नाहीत.

नागेंद्रला पत्र हवं होतं, ते हे. सही करू नका, आप्पा. बंदूक आणूही नका. दसऱ्याला मी येते, परवाना परत करायला आपण दोघं जाऊ. नागेंद्रला मी सांगेन. तो वाईट नाही, पण त्याच्या रागाच्या आवाक्यात ती नको. डुकरांसाठी सौरकुंपणाचा आराखडा मी केला आहे, त्यालाच तारा ओढायला लावू. खंडेनवमीला पाटावर बंदुकीची जागा रिकामी दिसेल, आईला चुकल्यासारखं होईल. माझ्या कपाटात कॉलेजातलं व्हर्निअर आहे, मापं घ्यायचं. यंदा तिथं ते ठेवा. हळदकुंकू बेतानं लावा, फटीत गेलं तर माप चुकतं.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
तेजस्वी