चपला काढून पाहिलेला सिनेमा

माझ्या खोलीतली वस्तू विकायला काढली आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. तू फोनवर बापाला सांगितलंस, बापाने गिऱ्हाईक ठरवलं, आईने तुझ्या ड्रमवरची चादर धुवायला नेली, तेव्हा कुठे मला कळलं. मी बहिरी आहे, आंधळी नाही. तक्रार संपली असं समजू नकोस, पण आधी खुशाली.

प्रिय ढमे,

नव्या नोकरीत तू बरी आहेस हे बापाच्या चेहऱ्यावरून कळतं. इकडेही ठीक. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा ती जास्त. पण त्या गुडघ्याचे माझ्यावर उपकारच झाले. बापाने दोघांसाठी सिनेमाची तिकिटं काढली होती, त्या चार झिपऱ्या पोरांच्या रॉक बँडची गोष्ट. ऐनवेळी आईला जिना उतरवेना. तिकीट फुकट जाऊ नये म्हणून मला नेलं. दारात तो पुटपुटला, गाढवापुढे वाचली गीता. मला ऐकू आलं नाही, पण जन्म मी दिलाय, त्याचे ओठ मला वाचता येतात.

जागा मिळाली ती भल्या मोठ्या स्पीकरला खेटून. आजूबाजूचे लोक कानांवर हात ठेवून बसले होते. मी मात्र पहिलं गाणं लागल्याबरोबर चपला काढल्या. तुला ठाऊक आहे, माझे कान गिरणीतल्या मागांनी खाल्ले. त्या खडखडाटात कान कोणाच्याच कामाचे नसायचे, म्हणून आम्ही बाया अनवाणी उभ्या राहायचो. माग कुठे अडतोय ते डोळ्यांच्या आधी तळव्यांना कळायचं. कान गेले, तळवे राहिले. तर त्या झिपऱ्यांचं सगळं गाणं जमिनीतून माझ्या पोटरीपर्यंत चढलं. बाप मला उठवायला लागला तेव्हा दिवे लागले होते आणि मी पाय हलवत होते. त्याला वाटलं मुंग्या आल्या.

त्यानंतर मी एकटीच जाते. किती वेळा गेले ते विचारू नकोस, दारावरचा माणूस आता मला पाहिलं की स्पीकरकडे बोट करतो. पण सिनेमा काढणाऱ्याला अक्कल बेताची. कॅमेरा सारखा त्या गाणाऱ्याच्या केसांवर. गाणारा डोळे मिटतो, गाणारा रडतो, गाणारा पावडर पुसतो. मागे बसलेला ड्रमवाला घामाने निथळतोय, त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. अगं, सगळा संसार तो ओढतोय. आमच्या घरात मी आणि तुझी आई, तसा तो. तरी सिनेमा झकास आहे. पोरं एका फुटक्या गाडीतून गावोगाव हिंडतात, एकाच पावासाठी भांडतात आणि रंगमंचावर चढली की एका जिवाची होतात. हे मला गिरणीत दिसायचं. भांडलेल्या बायासुद्धा माग सुरू झाला की एका तालात.

शेवट मात्र मला सोसत नाही. म्हातारपणी तिघं पुन्हा एकत्र येतात, ड्रमवाला येत नाही. त्याचं रिकामं स्टूल दाखवतात आणि गाणं नुसत्या गिटारीवर होतं. लोक डोळे पुसतात, उभं राहून टाळ्या वाजवतात. माझे तळवे मात्र थंड पडतात. आख्खं थिएटर गाणं ऐकत असतं आणि माझ्यापुरतं ते बंद झालेलं असतं. ही थंडी मला ओळखीची वाटली. कुठली, ते घरी येऊन पलंगावर पाय खाली सोडून बसले तेव्हा समजलं.

तू लहान असताना ड्रम माझ्या खोलीत का आणला ते आठव. आजी बहिरी, तिला काय त्रास, असं सगळ्यांचं एकमत झालं होतं. मी पण मान डोलावली. तू रोज संध्याकाळी बडवायचीस आणि मी पलंगावर बसून मटार सोलायचे, पाय फरशीला टेकवून. तुझी परीक्षा बिघडली तो दिवस मला कळायचा, कोणावर रुसलीस तो कळायचा, आणि मधूनच ते एक घाईचं, पायऱ्या उतरल्यासारखं वाजवायचीस ना, तेव्हा तर मी शेंगा खाली ठेवायचे. कधी बोलले नाही. बोलले असते तर तुझ्या आईने आजीला त्रास होतो म्हणून ड्रम गच्चीवर नेला असता. दया आली की ती कोणाचं ऐकत नाही. घरात सगळे माझ्याशी हातवारे करून बोलतात, भाजी हवी का, औषध घेतलं का. पोटभर बोललीस ती तू एकटी. आभार मानायची मला सवय नाही, तेव्हा हे एकदाच, नीट वाचून घे. तुझ्यामुळे ती सगळी वर्षं मला घर ऐकू आलं.

म्हणून लिहितेय. रविवारी गिऱ्हाईक आलं होतं. मी ड्रमच्या स्टुलावर बसले आणि उठले नाही. तुझा बाप ओरडला असावा, तोंड बरंच मोठं उघडत होतं. गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं, पुढच्या रविवारी परत येणार आहे. नोकरी कर, दूर राहा, वर्षातून चार दिवसच ये. पण स्टूल रिकामं दाखवून सिनेमा संपवू नकोस.

तुझीच,
खालच्या खोलीतली आजी

उत्तर बापाने द्यायचं नाही, आईने तर नाहीच. ते तू द्यायचंस, रविवारच्या आत, आणि कागदावर नको. ड्रमच्या काठ्या तुझ्याकडेच आहेत. मी चपला काढून ठेवते.