जनाना वेटिंग रूमची भिंत

३ फेब्रुवारी
सकाळी पुण्याहून ग्वाल्हेरला पोचले. दाना ओली नावाच्या गल्लीत घरमालकीण शालिनीताईंकडे वरची खोली मिळाली आहे. पोहे खाऊनच निघा, उगीच परेशान होऊ नका, असं त्यांनी बजावलं. इथलं मराठी ऐकून मजा वाटते.
दुपारी स्टेशन पाहिलं आणि प्रवासाचा शीण गेला. छोट्या लाइनीचं, म्हणजे नॅरोगेजचं, हे स्टेशन व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. टोकदार विलायती कमानी, पण त्यांवर छज्जे अस्सल ग्वाल्हेरी. ओतीव लोखंडाचे खांब, छपराच्या कडेला लाकडी झालर. रूळ उखडून नेलेत, फलाटापुढे नुसतं गवत. दुरुस्तीआधी सगळ्या इमारतीची मापं घेऊन नकाशे करायचे, हे माझं काम. महिनाभर हेच करायचं म्हणजे चैन आहे.

५ फेब्रुवारी
बाहेरून लांबी एकशे बारा फूट. आतल्या खोल्या आणि भिंती मिळून एकशे पाच. ठेकेदाराचे इंजिनियर हेमेंद्र कदम हजीरा मोहल्ल्यात राहतात, पिढ्यांचे इथलेच. ते म्हणाले, गलती टेपची असणार. पुन्हा मोजलं. सात फूट कमीच.
ते सात फूट जनाना वेटिंग रूमच्या भिंतीमागे आहेत. तिथली कमान विटांनी बुजवली आहे, वर हातभर झरोका. पडद्यातल्या बायकांची ती खोली होती, असं जयसिंहराव म्हणाले. ते इथले चौकीदार, सत्तरीचे. रोज दुपारी तीनला ते झरोक्यापाशी जाऊन म्हणतात, “अजून वेळ आहे, बाई.”
कुणाला सांगता, असं मी विचारलं. आतून विचारतात, म्हणून सांगतो, म्हणाले. त्यांचे वडीलही सांगायचे.

८ फेब्रुवारी
आज मीही ऐकलं. जयसिंहराव अजून झरोक्यापाशी पोचलेही नव्हते. बाईचा आवाज, थकलेला, अगदी जवळून: “गाडी आली का हो?”
हेमेंद्र कुणाची तरी मस्करी समजून हसले. झरोक्याकडे तोंड करून म्हणाले, “बाई, लाइनच उखडली. आता कुठली गाडी?”
आत सगळं शांत झालं. जयसिंहराव मट्कन खाली बसले. म्हणाले, गाडी नाही असं जो सांगतो, त्याला स्वतःला वाट पाहावी लागते. त्यांचा थोरला भाऊ असाच गेला. उपाय त्यांना ठाऊक नाही.
मी त्यांना चहा आणून दिला. खरं सांगायचं तर मला त्यांची कीव आली.

१० फेब्रुवारी
हेमेंद्र दोन दिवस आले नाहीत. मी हजीऱ्याला गेले. ते मांडीवर बॅग घेऊन दाराशी बसले होते, बूट घालून. पाणीही घेत नाहीत. दवाखान्यात सलाईन लावलं तर सुई उपटून घरी आले. गाडी चुकेल म्हणाले. मला पाहताच विचारलं, गाडी आली का. माझ्या तोंडून आपोआप निघालं, अजून वेळ आहे. त्यांनी मान डोलावली.
त्यांच्या बायकोला, नीलमला, आत नेऊन समजावलं, काहीही झालं तरी नाही म्हणू नका. मला वेड लागलंय असंच तिला वाटलं असणार.

१२ फेब्रुवारी
नीलमने नाही म्हटलं. रात्रभर विचारत होते म्हणे, शेवटी ती ओरडली.
आता दोघं शेजारी शेजारी बसलेत. बारा वर्षांची सोनिका एकटीच सगळं बघते आहे. तिला घट्ट धरून सांगितलं, विचारलं की म्हणायचं, अजून वेळ आहे. बाकी एक शब्द नाही.

१३ फेब्रुवारी
हेमेंद्र गेले. बसल्या जागीच. हातातली बॅग सुटेना.

१४ फेब्रुवारी
स्टेशनवर गेले. जयसिंहराव झरोक्याशी उभे. आता आत दोन आवाज आहेत. एक पुरुषाचा, ओळखीचा —
मी विचारलं, यातून कुणी सुटलं का. ते झरोक्याकडे वळून म्हणाले, “अजून वेळ आहे.”

१५ फेब्रुवारी
पहाटे नीलम गेली. जाण्याआधी तिने सोनिकाला विचारलं होतं. शेवटचं खरं ऐकायचंय म्हणाली. आई मागत होती, मुलीने सांगितलं, गाडी नाही —
सोनिका आता दाराशी बसली आहे. शाळेचे बूट घालून.

१६ फेब्रुवारी
तिला दाना ओलीत आणलं. शालिनीताईंना खोलीबाहेरच ठेवलंय. त्या खरं बोलतील.
दर पाच मिनिटांनी विचारते. अजून वेळ आहे. अजून वेळ आहे.

१७ फेब्रुवारी
ओठ फुटलेत तिचे. पाणी ओठाला लावलं की तोंड फिरवते. डॉक्टर येऊन गेले, सलाईनची सुई तिनेही उपटली —

१८ फेब्रुवारी
आज वेगळं बोलली. “मावशी, खोटं नका बोलू. गाडी नसेल तर सांगा ना. मग मी पाणी पिते.”
पिईल का? आजवर कुणीच — पण हिने स्वतः मागितलंय. ग्लास तिच्याच हातात आहे. माझ्याकडे बघते आहे.
सोनिका, बाळ, ऐक. गाडी