बोक्याला लागलेली सवय

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू म्हणालीस, एवढं मोठं झालेलं पिल्लू अजून घरातच घाण करत असेल तर देऊन टाका कुणाला तरी. मी नुसतं हं हं केलं, कारण तुझी आई शेजारीच बसली होती. म्हणून हे पत्र.

बोक्या शिकला नाही हे साफ खोटं. मी शिकवलंय त्याला. (कुत्र्याला हे नाव का, तर पहिल्या दिवशी तुझ्या आईला ते मांजराचं पिल्लू वाटलं, आणि चूक कबूल करणं तिच्या रक्तात नाही.) नळाची कामं मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, तसंच हेही. खाणं झालं, झोपेतून उठला, खेळून दमला, की लगेच उचलून मागच्या दाराने बाहेर. रोज तीच जागा, तोच शब्द. मोकळा झाला की तिथल्या तिथे शाबासकी. घरात करताना सापडला तरच रागवायचं, मागाहून नाही. मागाहून रागावलं तर त्याला कशाबद्दल ते कळत नाही, नुसती माणसाची भीती बसते. कुत्र्याचे डॉक्टर म्हणाले होते वेळ लागेल. नाही लागला. आता गरज पडली की तो स्वतःच मागच्या दाराशी जाऊन नाकाने कडी हलवतो.

आणि मग सोफ्यापाशी ओल दिसायला लागली. ठकू, माझा जन्म गळती शोधण्यात गेला. भिंतीत पाणी कुठून मुरतंय ते मी हात लावून सांगतो. बोक्या तेव्हा माझ्याबरोबर बाहेर होता. आत आलो तर तुझी आई कपडे बदलून, हातात फडकं घेऊन उभी. म्हणाली, बघा तुमच्या लाडक्याने काय करून ठेवलंय. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. उभ्या संसारात जिने माझ्याकडे काही मागितलं नाही, ती त्या वेळी मागत होती. मी बोक्याला ओढत ओलीपाशी आणलं आणि ओरडलो.

तेव्हापासून हेच चाललंय. कधी पलंगापाशी, कधी खुर्चीखाली. गॅस बंद केला की नाही हे तिला आठवत नाही, मला मधूनच दादा म्हणते, पण लाज शाबूत आहे. तिचं म्हणावं असं तेवढंच उरलंय, ते मी काढून घेणार नाही. बोक्याचे मात्र हाल आहेत. तिने फडकं उचललं की तो पलंगाखाली शिरतो आणि थरथरतो. काल मी प्रेमाने हाक मारली तरी बाहेर आला नाही. मी घडवलेलं मीच बिघडवतोय, कळून सवरून.

तू सुट्टीत येशील. औषधांचं, पुढचं काय ते आपण बाहेर चालता चालता बोलू. पण आईने तुला ओल दाखवली, तर तिच्या कपड्यांकडे बघू नकोस. पलंगाखाली वाकून बोक्याला रागव, तिला ऐकू जाईल असं. हात लावू नकोस. मग त्याला मागच्या दाराने बाहेर ने. तो आपल्या जागेवर जाईल, सगळं नीट करेल. तिथे त्याला शाबासकी दे. हळू आवाजात.

तुझाच,
बाबा