मास्तरीणबाईंचं चांदीचं नाणं

अहो,

नमस्कार. मी खुशाल आहे. नाणी जमवणाऱ्यांच्या या उन्हाळी वर्गात राहायची खोली हवेशीर आहे, जेवणही वेळेवर मिळतं, तेव्हा काळजी नको. तुम्ही रक्तदाबाची गोळी चुकवत नाही ना? चहात साखर किती घालता, ते सूनबाई मला सांगणारच आहे.

माझ्या खोलीत एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत. त्यांच्याकडच्या जुन्या चांदीच्या नाण्याचं पहिल्या दिवसापासून इतकं कौतुक चाललं होतं, की माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? काल सरांनी ते तपासायला नेमकं माझ्याच हातात दिलं. भिंगातून पाहिलं, तर कडेवर साच्याची बारीक रेघ! म्हणजे ओतीव, नकली. मी भर वर्गात मोठ्यानं सांगितलं. आनंदानंच सांगितलं.

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. ते नाणं त्यांच्या यजमानांनी दिलेली शेवटची भेट होती. चहाच्या वेळी मी माफी मागायला गेले, तर त्या म्हणाल्या, "त्यांना बिचाऱ्यांना नाण्यातलं काय कळत होतं? मला आवडतात म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी दुकानं हिंडले." आणि त्यांनी ते पुन्हा रुमालात जपून गुंडाळलं.

नाणं नकली निघालं, तरी माझा हेवा काही जाईना. उलट वाढलाच. तीस वर्षांत तुम्ही माझं एकही नाणं हातात घेऊन पाहिलेलं नाही.

रविवारी येतेय. स्टेशनवर नाही आलात तरी चालेल. पण एकदा टीव्ही बंद करून माझ्या शेजारी माझ्या नाण्यांचा अल्बम उघडून बसाल का?

तुमचीच,
मी