लायल तिसऱ्या प्रकरणात मरतो

२ फेब्रुवारी
लेखिका आली. मी या वाळवंटातल्या घरात सुरू केलेल्या लेखक-निवासाची पहिलीच पाहुणी. हॅरिएट लुंडक्विस्ट, मिनेसोटाची. मार्चच्या मध्यापर्यंत राहून कादंबरी पुरी करणार. माझ्या नवऱ्याच्या, ऑर्विलच्या वर्कशॉपमध्ये पलंग, टेबल टाकलंय. दारावर पाटी: ‘शांतता. लेखन चालू आहे.’ नियम मीच केलाय. रात्रीच्या जेवणापर्यंत लेखकाशी अवाक्षर बोलायचं नाही. मला एकटं राहायची सवय आहे, जड जाणार नाही. हे सगळं साहित्यासाठी. सोबतच हवी असती तर कुत्रं पाळलं असतं.

३ फेब्रुवारी
सकाळी गेले ते फक्त सांगायला, की बूट झटकून घाल, विंचू असतात. मग कॉफी दिली. मग पाटी सरळ आहे का ते बघायला गेले, तर तिनेच दार उघडलं. म्हणजे बोलणं तिने सुरू केलं. उद्यापासून कडक.

६ फेब्रुवारी
जेवणानंतर हॅरिएटने पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. मी आग्रह केला असं काही नाही, फक्त विचारत राहिले. लायल नावाचा माणूस आहे, तळ्यावर बोट चालवतो. रेडिओ दुरुस्त करायला घेतो आणि शेवटी दोन स्क्रू उरतातच. पोट धरून हसले.
फिरत्या लायब्ररीच्या गाडीतून मिळेल ते आणून मी रोज रात्री ऑर्विलला वाचून दाखवायचे. शाळा आठवीत सुटली, वाचन नाही सुटलं. ऐकणाऱ्याची मजा आज कळली.

९ फेब्रुवारी
लायल मेला. तिसऱ्या प्रकरणात! धक्क्यावर दोर बांधता बांधता, हार्ट अटॅक. मी उठून भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.
हॅरिएटला म्हटलं, रचनेत चूक आहे, इतका चांगला माणूस इतक्या लवकर वाया घालवू नये. ती म्हणाली, व्हर्ना, कादंबरीच त्याच्या मरणावर आहे. म्हटलं, तिथेच चुकलंय.
ऑर्विलला जाऊन तीन वर्षं झाली. त्याचा इथे काही संबंध नाही. हे निव्वळ साहित्यिक मत आहे.

१४ फेब्रुवारी
हॅरिएट म्हणाली, डोकं मोकळं करायला चालून येते. तासाभरात शेजारच्या एमेटने तिला पिकअपमधून परत आणली. आमच्याकडे रस्त्यात कुणी पायी दिसलं की गाडी बंद पडली असणार, उचलून घरी पोचवायचं. एमेट म्हणाला, घे गं तुझी लेखिका, वाट चुकली होती. ती म्हणाली, मी चुकले नव्हते. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात, बाई. दुपारी ती उलट्या दिशेने निघाली. पोस्टवालीने आणून सोडली.
बरंच झालं. लायलबद्दल निवांत बोलता आलं. सुचवलं, नुसता पाय मोडू दे.

२० फेब्रुवारी
नियम तंतोतंत पाळतेय, बोलत नाही. चिठ्ठ्या दाराखालून सरकवते. आज: हेलिकॉप्टर येतं. धक्क्यावर योगायोगाने एक नर्स असते. नुसती चक्कर असते.
एमेट म्हणाला, अगं व्हर्ने, माणूस तिचा आहे, मारू दे की तिला. म्हटलं, तुला पुस्तकातलं काय कळतंय? तो म्हणाला, पुस्तकातलं नाही कळत, पण ऑर्विलला ओळखत होतो. म्हटलं, ऑर्विलचं नाव कुणी काढलं? त्याने टोपी घातली आणि गेला.

१ मार्च
हॅरिएट आतून कडी लावून लिहितेय. जेवायलाही येत नाही, मीच ताट दाराशी नेऊन ठेवते. टाइप करण्याचा आवाज थांबतच नाही. माझी पद्धत लागू पडली. लायल उठून बसला असणार, दुसरं काय! पुढच्या हंगामाच्या जाहिरातीत घालावं: ‘लेखकांना योग्य मार्गदर्शन.’

६ मार्च
हॅरिएट गेली. आठवडाभर आधीच. कादंबरी पार बदलली म्हणाली. विचारलं, लायल जगला ना? ती म्हणाली, नाही गं. आता पहिल्याच पानावर जातो. पुढचं सगळं त्याच्या बायकोचं. नवरा गेलाय हे तिला मान्य नाही. दारी येईल त्याला जेवू घालते आणि त्याच्याशी वाद घालत बसते.
म्हटलं, असली बाई कुणाला खरी वाटायची नाही.
हॅरिएटने मला मिठी मारली. लवकर सोडली नाही. मग एमेट तिला फिनिक्सच्या विमानतळावर सोडायला घेऊन गेला.
पहिलं पान माझ्यासाठी ठेवून गेलीय. स्वयंपाकघरात उभ्यानेच मोठ्यांदा वाचलं. चौथ्या ओळीत गेला तो. मी थांबले. कुणी काही बोललं नाही.
मग पाचवी ओळ वाचली.