भोंग्यापाशी कोण बसलंय

नोकरी सोडायला निघालीस, हे मला शिंप्याच्या तोंडून कळावं? उशीचे अभ्रे आणायला गेले, तर टाके घालता घालता म्हणतो, आजी, नात घरी बसणार म्हणे. घरच्यांच्या आधी गावाला. शाब्बास.

प्रिय चिमणे,

फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. अक्षराला हसू नकोस, दुसरीपर्यंतच गेलेय मी.

परवा धरणावरून तू भोंगा वाजवलास आणि सगळी गल्ली टेकडीवर पळाली. मीही गुडघ्यांना शिव्या देत चढले. पाणी काही आलं नाही. शेजारणीचा पाय मुरगळला, बेकरीवाल्याचं पीठ पावसात भिजलं, आणि उतरताना सगळ्यांनी तुझा उद्धार केला. साहेबाने तुझ्याकडे खुलासा मागितला, हेही शिंप्यालाच ठाऊक. मी म्हटलं, जिवंत परत आलात याचं एवढं वाईट वाटतंय का? तेव्हा कुठे तोंडं मिटली.

तुझे आईबाप पुरात गेले, तेव्हाही धरणावरच्या त्या भोंग्याच्या चौकीत माणूस होता. वरून हुकूम येईपर्यंत मांडीवर हात ठेवून बसला. हुकूम आला तोवर तुमचं घर राहिलं नव्हतं. तू माझ्याकडे होतीस म्हणून वाचलीस. पुढे नळ सोडला तरी पलंगाखाली शिरायचीस. कुरवाळत बसणं मला जमत नाही. बादली पुढ्यात ठेवली, म्हटलं, तूच सोड, तूच बंद कर. रडत रडत शिकलीस. तीच पोरगी धरणावर नोकरीला निघाली तेव्हा मी तुला वेडी म्हटलं. अजूनही म्हणते. पण हुकमाची वाट न बघणारी वेडी मला चालेल.

आता नीट वाच. सकाळपासून पाणी पुन्हा चढतंय, पुलाच्या कमानी दिसेनाशा झाल्यात. गल्लीने ठरवलंय, या खेपेला भोंगा वाजला तरी हलायचं नाही. मी दारोदार सांगून आले, वाजला की मी निघणार, म्हातारीच्या मागे राहायची ज्याला लाज वाटेल त्याने यावं. बेकरीवाला कुरकुरत हो म्हणाला. पण तुझ्या जागी मांडीवर हात ठेवणारा कोणी बसला असेल, तर भोंग्याच्या भरवशावर राहायला मी खुळी नाही. तसं असेल तर आत्ताच लंगड्या शेजारणीला उठवून निघते. म्हणून विचारतेय, चौकीत कोण आहे?

तुझीच,
आजी

कागद दूधवाल्याच्या हाती देतेय, तुझं उत्तर मिळेपर्यंत तो फटफटीवर तिथेच थांबेल. साहेबाचा निरोप नको, नातजावयाचा फोन नको. उत्तर तूच द्यायचंस.